चाळीस डिग्रीत सहा बाटल्या

आमच्या घरात यंदाच्या एप्रिलपासून एक नवा नियम लागू झालाय: सासूबाईंच्या माठात वाईनची बाटली बुडवायची नाही.

नियम करावा लागला तो माझ्या नवऱ्यामुळे. ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवून हा माणूस निवृत्त झाला आणि येताना एक थर्मामीटर आणि वाटेल त्या गोष्टीचं तापमान मोजायची सवय घेऊन आला. मी बँकेत. वाईनची आवड माझी, मोजमाप त्याचं. नाशिकला गंगापूर रोडवर राहतो, माहेर निफाड तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग. म्हणजे वाईन आमच्या चारही बाजूंना पिकते. पण ती प्यायची कशी हे सांगणारे सगळे लेख थंड देशातल्या लोकांनी लिहिलेले. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी.' कुठल्या रूमच्या? आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट एप्रिलच्या मध्याला दुपारी 33 दाखवत होतं. त्यांची रूम 16 ते 18 डिग्रीची. तेवढी थंडी आमच्याकडे पडली की आम्ही कानटोपी घालतो.

तर मार्चच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत आम्ही दोघांनी मिळून सहा बाटल्या संपवल्या. 'संपवल्या' म्हटलं तरी शेवटचे दोन पेले दर वेळी माझी नणंद नाहीतर शेजारी यांच्या वाट्याला जात. मी जाणकार बिणकार नाही. पेला गरागरा फिरवून 'यात मला ओल्या चामड्याचा गंध येतोय' असं म्हणणाऱ्यांपैकी तर मुळीच नाही. मला जे लागलं ते लिहिते.

पहिली बाटली सुलाची, म्हणजे आमच्या नाशिकच्याच वाईन कंपनीची, शेनिन ब्लाँ, पांढरी वाईन. दुकानात हिला सर्रास 'चेनिन ब्लँक' म्हणतात आणि तसंच म्हटलं तर लवकर मिळते. सुलाने 2000 साली पहिल्यांदा वाईन बाजारात आणली तेव्हा तीत ही होती आणि सोव्हिन्यों ब्लाँ होती. त्या वर्षी मी नवीन नवीन नोकरीत होते. ऑफिसात कुणीतरी आणली आणि आम्ही स्टीलच्या पेल्यातून प्यायलो. तेव्हा आवडली नव्हती. आता आवडते, आणि त्याचं कारण आंबेडाळ.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं, बायका गेल्या, पातेल्यात वाटीभर आंबेडाळ उरली होती. गच्चीवर खुर्च्या टाकल्या, बाटली फ्रिजमध्ये सकाळपासूनच होती. पहिल्या घोटाला अननस, मग पिकत आलेला पेरू, आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित गोड. ही वाईन पूर्ण कोरडी नसते, थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते. नुसती प्यायली तर मला दुसऱ्या पेल्याला ती गोडी जड होते. पण आंबेडाळीतली कैरी, हिरवी मिरची आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी... त्या आंबटतिखटापुढे ती गोडी बरोबर बसते, पन्ह्यात गूळ बसतो तशी. माझ्या लेखी चैत्रातली ही जोडी पक्की झाली. झाकण फिरवून उघडणारं असतं, त्याबद्दल काही लोक नाक मुरडतात. गच्चीवर अंधारात, लाईट गेलेली, कॉर्कस्क्रू खालच्या मजल्यावर, अशा वेळी त्यांनी आमच्याकडे यावं.

दुसरी सोव्हिन्यों ब्लाँ, तीही सुलाचीच. हिच्याबद्दल थोडक्यात: नाक लावलं की ढोबळी मिरची कापल्याचा वास. नवरा लगेच 'पायराझिन' म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं मला ऐकावं लागलं की हाच पदार्थ मिरचीतही असतो. कोरडी, खणखणीत आंबट, कडक उन्हातून घरी आल्यावर पहिला पेला अमृत. काकडीची कोशिंबीर, दही, कोथिंबीर असलं हिरवं-पांढरं काही असेल तर छान. काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर मात्र मी चूक केली. तिखट जिभेवर अल्कोहोल पडलं की तिखट दुप्पट होतं, आणि तिथे आंबटपणाही मदतीला येत नाही. रस्सा असेल त्या दिवशी ताकच बरं. उगाच हट्ट करू नये.

आता तापमानाची गोष्ट सांगते, कारण या सगळ्या उन्हाळ्यातली खरी शिकवण तीच होती आणि तीत माठ आहे.

परदेशी सल्ला असा की रेड वाईन प्यायच्या आधी वीस मिनिटं ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आम्ही तसंच करत आलो आणि दर वेळी मला वाटायचं, रेड काही आपल्याला झेपत नाही, घशात गरम लागते, नाकात नुसता स्पिरिटचा भपकारा. नवऱ्याने एक रिकामी बाटली पाण्याने भरली, कपाटात ठेवून 33 वर आणली आणि फ्रिजमध्ये ठेवून दर अर्ध्या तासाने थर्मामीटर घातला. अर्ध्या तासाने 29. तासाने 25. दोन तासांनी 19. अडीच तास झाल्यावर कुठे 17. म्हणजे इतकी वर्षं आम्ही 29 डिग्रीची रेड पीत होतो! त्यांचा अर्धा तास फार तर 22 डिग्रीच्या खोलीतून निघतो, आपला 33 च्या कपाटातून. एवढं साधं गणित कुणी लिहीत नाही.

मग तो पेटलाच. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवली तर वीस मिनिटांत 14. नुसता बर्फ नाही, पाणी हवंच, कारण बर्फाचे खडे बाटलीला चार ठिकाणी टेकतात, पाणी सगळीकडून भिडतं. पुढचा प्रयोग ओल्या पंच्याचा. पंचा पिळून बाटलीला गुंडाळला, कूलरसमोर ठेवली, दोन तासांत 25. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. मुंबईत हा प्रयोग करू नये, तिथली हवाच ओली. आणि मग माठ. माठातलं पाणी 24 होतं. रात्रभर बाटली बुडवून ठेवली, सकाळी 24. छान, वीज लागत नाही, असं तो म्हणतोय तोवर सासूबाई फुलपात्र घेऊन पाणी घ्यायला आल्या.

"माठात काय आहे हे?"

"आई, प्रयोग चालू आहे."

"प्रयोग तुझ्या मोरीत कर. मला यातलं पाणी प्यायचंय."

माठ घासून पुन्हा भरला. नियम लागू झाला. एवढं खरं की सासूबाई स्वतः वर्षानुवर्षं जेवणाआधी दोन चमचे द्राक्षासव घेतात आणि त्या बाटलीवर त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल किती टक्के ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते मी त्यांना कधी वाचून दाखवलेलं नाही.

तिसरी बाटली रोझे. सुलाची 'सोर्स' म्हणून मालिका आहे, त्यातली ग्रनाश रोझे. रंग फिकट, कांद्याच्या पातीच्या मुळाकडे असतो तसा गुलाबी. आधीच्या माझ्या डोक्यातली रोझे म्हणजे रसनासारखी लालभडक आणि गोड. ही तशी नाही. कोरडी आहे, कलिंगडाच्या सालीजवळच्या पांढऱ्या भागासारखी चव. रविवारी दुपारी, पडदे ओढलेले, कोंडाजी चिवडा आणि बारीक चिरलेला कांदा. मला या सहांतली सगळ्यात जास्त आवडलेली दुपार हीच, आणि तिच्याबद्दल लिहायला सगळ्यात कमी आहे. चिवड्यातलं तेल आणि खारटपणा, वर गार घोट. बस.

एक कबुली. यात मी बर्फ घातला. दोन खडे. नवऱ्याने तोंड फिरवलं. पण पेला दहा मिनिटांत कोमट होत असेल तर काय करायचं? यावर उपाय भावाकडच्या द्राक्षांनी दिला. मार्चमध्ये दादाने दिलेल्या पेटीतले थॉमसनचे, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांचे, मणी धुऊन, पुसून फ्रिजरमध्ये ठेवले होते, नातवंडांसाठी. ते चार मणी पेल्यात टाकले तर वाईन गार राहते, पाणी होत नाही, आणि शेवटी खायला मिळतात. तेव्हापासून फ्रिजरमधला एक डबा माझ्या नावाचा आहे.

चौथी बाटली मी नाव न घेता सांगणार, कारण ती बनवणाऱ्याचा त्यात दोष असेल असं मला वाटत नाही, आणि दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही, तशी दुकानं शंभर आहेत.

दुकान पश्चिमेला तोंड करून. काचेच्या शोकेसमध्ये वाईनच्या बाटल्या ओळीने उभ्या, संध्याकाळचं ऊन थेट त्यांच्यावर. मागे दोन मोठे फ्रिज, दोन्ही बिअरने भरलेले. मी एक पांढरी वाईन घेतली, कॉर्कवाली, जरा महागातली. घरी आल्यावर दिसलं की कॉर्क बाटलीच्या तोंडातून थोडा वर आलाय, नखाला लागेल इतका. उघडली. रंग गडद पिवळा, जुन्या खोबरेल तेलासारखा. वास उकडलेल्या सफरचंदाचा. चव... बोरं उन्हात वाळत घालून विसरली की जशी होतात तशी, पण बोरांची गोडी काढून घेतलेली. गरमीने आतली वाईन फुगते, कॉर्क ढकलते, मग हवा शिरते. ती वाईन वारली होती, कधीची.

दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. दुकानदार भला माणूस, पण त्याचं ज्ञान एका वाक्यात संपत होतं. "मॅडम, वाईन जुनी असली की भारी असते." मी म्हटलं, जुनी नाही, शिजलीय. "मग फ्रिजमधली देतो ना." आणि त्याने मला फ्रिजमधून बिअर काढून दाखवली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: शोकेसमधली बाटली घ्यायची नाही, आतल्या खोक्यातली मागायची. हाताला कोमट लागली तर परत. मागच्या लेबलावर भरल्याचा महिना असतो तो बघायचा. साधी पांढरी वाईन वर्ष-दीड वर्षाच्या आतली असली की निम्मी काळजी मिटली. कॉर्कवर बोट फिरवायचं. दुकानदार तोंडाकडे बघतात, बघू देत. कांदे घेतानाही आपण दाबून बघतोच. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन ठेवायला मंजुरी दिली तेव्हा मला भाबडी आशा वाटली होती की निदान एसीत तरी राहील. मग वादळ उठलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि वाईन जिथे होती तिथेच, उन्हात, उभी राहिली.

पाचव्या बाटलीपाशी मला जरा थांबायचंय. दिंडोरी रिझर्व शिराझ. शिराझ हे द्राक्षाचं नाव, आणि ही लाकडाच्या पिंपात मुरवलेली रेड. आम्ही ती निफाडला नेली, दादाकडे, मेच्या दुसऱ्या शनिवारी. दादा माळकरी आहे, थेंबाला शिवत नाही. वहिनी मात्र चाखते, आणि दादा तिला काही म्हणत नाही, एवढं त्यांचं जमलेलं आहे.

मे महिन्यात बाग बघायला येणारे मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, द्राक्षं कुठायत? नसतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, मेमध्ये नुसती कोवळी फूट, काड्या तयार व्हायचं काम. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि त्यावर घड येतात ते थंडीत वाढतात. वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. युरोपात उन्हाळ्यात पिकतं ते आपण हिवाळ्यात पिकवतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर वर्षी पेपरात येते, बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात, ड्रिपने पाणी सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून. दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, त्या थंडीनेच द्राक्षात आंबटपणा टिकतो. तेव्हा मी गच्चीवर चाळीस डिग्रीत जो गार आंबट घोट घेते तो खरं तर मागच्या जानेवारीच्या पहाटेचा असतो. हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "पहाटेचा नव्हं, आमच्या जागरणाचा."

दादाने 2004 मध्ये दोन एकर शिराझ लावली होती. 2001 ला सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं होतं, जवळ विंचूरला वाईन पार्क, जो तो वाईनरी काढत होता. कामही कमी वाटायचं. खायच्या द्राक्षाला जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्यात घड बुडवा, मणी विरळ करा, कात्री घेऊन बायका दिवसच्या दिवस बागेत. वाईनच्या द्राक्षाला तो सोस नाही. मणी लहान, जाड सालीचा, बी असलेला, खायला गेलं तर थुंकावं लागतं. पण साखर मोजून द्यायची. खायच्या मण्याला 18 ब्रिक्स (साखर मोजायचं माप) झालं की गाडी भरते, इथे 22-23 शिवाय तोडायला हात लावू देत नव्हते, आणि एकरी माल मुद्दाम कमी धरायचा. मग 2008 नंतर मंदी आली, वाईन पडून राहिली, वाईनऱ्यांनी माल उचलणं बंद केलं. दादाचे एका हंगामाचे पैसे अडकले ते आजवर अडकलेलेच. 2010 ला त्याने बाग उपटली. त्या खुंटांचं सरपण आमच्याकडे दोन वर्षं पुरलं. कुणाचे पैसे, कुठली वाईनरी, हे विचारू नका. ती आता नाहीही.

तर ही बाटली. येताना बर्फाच्या डब्यातून आणली, पोचल्यावर थर्मामीटर 17. (होय, थर्मामीटरही निफाडला आला होता.) वहिनीने ज्वारीची भाकरी आणि सुकं मटण केलं होतं, रस्सा नको म्हणून मीच सांगितलं होतं. पहिला वास करवंदांचा. पिकलेल्या, काळ्या, हाताला चीक लावणाऱ्या. मग काळी मिरी, आणि मागे कुठेतरी जुन्या लाकडी पेटीचा, म्हणजे आजीच्या लुगड्यांच्या पेटीचा. तुरटपणा आहे, पण चहा जास्त उकळल्यावर येतो तसा त्रासदायक नाही. मटणाच्या चरबीने तो विरघळतोच. वहिनी एक घोट घेऊन म्हणाली, "ताई, ही आधी पाजली होतीत त्यापेक्षा लई बरी. ती घशात जळायची." ती आधीची हीच होती, गेल्या वर्षीची, तीस डिग्रीला.

दादाने पेला हातात घेतला. नाकाशी नेला, प्यायला नाही. बराच वेळ धरून होता. मग म्हणाला, "वास तोच आहे गं. शेडमध्ये क्रेट उतरवले की यायचा तो." पेला खाली ठेवला आणि गुरांना पाणी दाखवायला गेला.

उरलेली वाईन अर्धी बाटली होती. वहिनीने ती फ्रिजच्या दारात ठेवली. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, अजून चांगली लागतेय, पाचव्या दिवशी म्हणाली, आता आंबली. उन्हाळ्यात उघडलेली बाटली बाहेर ठेवली तर एका रात्रीत जाते, फ्रिजमध्ये तीन दिवस धरा.

सहावी बाटली नणंदेने आणली, अकलूजहून. तिचं सासर सोलापूर जिल्ह्यात. फ्रातेल्लीची सांजोव्हेसे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरच्या भावांनी मिळून काढलेली कंपनी, आणि वाईन करायला इटलीच्या तोस्काना भागातले पिएरो मासी. हे द्राक्षही तिकडचंच. माळशिरस तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात, जिथे लग्नात पंगतीला शेंगाची चटणी नसेल तर पाहुणे उठतात, तिथे इटलीचं द्राक्ष लागलंय याचं मला अजून अप्रूप आहे.

शिराझपेक्षा ही अंगाने हलकी, रंगही आरपार दिसणारा. आंबट चेरी असं सगळे लिहितात. मी चेरी खाल्ली ती केकवरची, तेव्हा माझ्यासाठी हे कोकम. ओलं कोकम, रातांब्याचं साल नुकतं मिठात टाकलेलं. हिला आम्ही शिराझपेक्षाही गार, 14 ला, बादलीतून काढून प्यायलो आणि उन्हाळ्यात रेड प्यायची तर हीच, असं माझं मत झालं. फार तुरट रेड इतकी गार केली तर तोंड आवळतं, ही नाही आवळत. सोबत नणंदेनेच आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. चटणीतलं लाल तिखट अंगावर येईल अशी भीती होती, पण शेंगदाण्याच्या तेलाने सांभाळून घेतलं. नवरा इथे पहिल्यांदाच थर्मामीटर विसरून जेवला.

मोजायला गेलं तर एक सातवीही होती, पण ती अर्धी. सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन, 375 मिलिची बारकी बाटली. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढू देऊन केलेली, गोडाची वाईन. दुकानात मी विचार केला, आंब्याचे दिवस, आमरसाबरोबर घेऊ. चुकलं. हापूसच्या रसाचा एक चमचा खाल्ला आणि वर हिचा घोट घेतला तर ही वाईन चक्क आंबट, पाणचट लागली. गोड वाईन पदार्थापेक्षा गोड असावी लागते आणि हापूसच्या पुढे गोड कोण होणार? रस बाजूला ठेवला, तोंड धुतलं, नुसती प्यायली, एकदम गार. मध, सुकलेला जर्दाळू, आणि बेदाण्याची पेटी उघडल्यावरचा वास. नुसतीच चांगली. फार तर खारवलेले काजू.

सासूबाई पलीकडे जपमाळ घेऊन बसल्या होत्या. पेल्याकडे बघून म्हणाल्या, "हे तरी कसलं?"

"द्राक्षाचंच आहे, आई. गोड."

चमचा मागितला. मी दोन चमचे दिले, द्राक्षासव देतात तसे. त्यांनी तोंडात घोळवलं, माळ पुन्हा हातात घेतली, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "वैद्यांचं जरा दाट असतं."